यंत्राला सगळंच कळतं

पुण्यात जर्मन शिकवणाऱ्या प्रत्येकासमोर एक प्रश्न कायम असायचा: विद्यार्थ्यांनी बोलायचं कुणाशी? माक्स म्युलर भवन असो, रानडे इन्स्टिट्यूट असो की माझ्यासारखीची घरगुती शिकवणी, वर्ग भरलेला असला की एकेकाच्या वाट्याला जेमतेम चार वाक्यं यायची. बाहेर पडलं की रिक्षावाल्याशी काही जर्मन बोलता येत नाही. हा प्रश्न एआयने बराचसा सोडवला, हे मी मोकळेपणाने मान्य करते. कसा सोडवला आणि कुठे अडला, ते माझ्याकडे येणाऱ्या एका नर्सचा सराव पाहताना कळलं.

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये कुशल मनुष्यबळासाठी जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. त्यानंतर माझ्याकडे नर्सेसची चौकशी वाढली. तिकडे नर्स म्हणून मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी2 पातळी लागते. हिने बी1पासून सुरुवात केली. ड्युटी फिरती, त्यामुळे नाइट लागली की शिकवणी बुडते. मग ती सकाळी घरी आली की झोपण्याआधी फोनवर एआयशी जर्मन बोलते. माझ्यासमोर ती आधी मनात मराठी वाक्य जुळवायची, मग त्याचं जर्मन करायची आणि बोलताना माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायची. फोनसमोर मात्र बिनधास्त बोलते. ही भीड मोडायला वर्गात महिनेच्या महिने जातात.

एकदा मी तिला माझ्यासमोरच सराव करायला सांगितलं. तिने यंत्राला भूमिका दिली: तू स्टुटगार्टच्या हॉस्पिटलमधली मुख्य नर्स, मी नाइट संपवून तुला हँडओव्हर देते आहे. मग पेशंटचं वय, रक्तदाब, रात्री किती वेळा उठला, हे सगळं ती न अडखळता सांगत गेली. बाथरूमला नेताना मदत केली, हे सांगताना म्हणाली, ‘इश हाबे डेन पात्सिएंट गेहोल्फन.’ तिथे ‘डेम पात्सिएंटेन’ हवं. यंत्र ‘झेअर गूट’ म्हणालं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलं. मी फोन घेऊन संभाषणाची लेखी नोंद उघडली. तिच्या वाक्यात स्वच्छ ‘डेम पात्सिएंटेन’ उमटलं होतं!

बोलणं ऐकून लिहून घेणारी मॉडेल्स प्रचंड ध्वनिमुद्रणावर घडवलेली असतात; 2022 साली आलेलं एक प्रसिद्ध मॉडेल 6,80,000 तासांच्या ध्वनीवर शिकलेलं आहे. उच्चार संदिग्ध वाटला की त्या जागी बहुधा कोणता शब्द येतो, याचा अंदाज ती बांधतात. ‘मदत करणे’च्या आधी जर्मन माणूस ‘डेम’ म्हणतो, म्हणून ‘डेम’. चूक ऐकतानाच दुरुस्त झाली, तर उत्तर देणाऱ्या भागापर्यंत ती पोचणार कशी?

“मॅडम, त्याला तर सगळंच कळतं,” ती खुशीत म्हणाली. मला काळजी वाटली ती त्याचीच.

ही चूक खास आपली आहे. आपण पेशंटला बघतो आणि पेशंटला मदत करतो, दोन्हीकडे ‘ला’. शाळेत द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींचे प्रत्यय ‘स, ला, ते’ असेच पाठ केलेले. जर्मनमध्ये बघणं द्वितीयेत जातं, मदत चतुर्थीत. मराठी शिक्षकाला ही चूक कुठे होणार, हे वाक्य सुरू होतानाच ठाऊक असतं.

दुसरी अडचण थांबण्याची. ‘वाइल’ने, म्हणजे ‘कारण’ने, सुरू झालेल्या उपवाक्यात क्रियापद शेवटी येतं. मराठी माणसाला ते सवयीचंच, पण नेमकं रूप आठवायला क्षणभर लागतो. शांतता पसरली की यंत्र समजतं, हिचं बोलणं संपलं, आणि स्वतः बोलू लागतं. तिचं क्रियापद तोंडातच राहतं. बटण दाबून धरलं की थांबून ऐकण्याची सोय तिने नंतर शोधली, आणि फरक लगेच पडला.

बी1च्या तोंडी परीक्षेत पहिल्या भागात दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं. तिथे नाही म्हणता यायला हवं, दुसरा पर्याय सुचवता यायला हवा. यंत्र तिच्या प्रत्येक सूचनेला ‘छान कल्पना’ म्हणत होतं. आम्ही त्याला बजावलं: तीनदा नकार दे, कारण सांग, चुका शेवटीच दाखव. हे त्याने चोख पाळलं. नीट सूचना दिल्या तर यंत्राकडून पुष्कळ काम करून घेता येतं.

तरी स्टुटगार्टच्या वॉर्डात तिला माणसं भेटणार आहेत. कवळी काढून ठेवलेली, कमी ऐकू येणारी, श्वाबिश बोलीत पुटपुटणारी. म्हणून आता सरावाचं ध्वनिमुद्रण ती मला पाठवते आणि मी लेखी नोंद न बघता ते ऐकते. समोर बसल्यावर मी पेशंट होते: शब्द गिळते, मध्येच तोडते, गोळी नको म्हणून हट्ट धरते. परवा ‘इ हान दुर्श्ट’ म्हणाले. ‘इश हाबे’चं ‘इ हान’ तिने कधी ऐकलंच नव्हतं. तिने पुन्हा विचारलं, मी तेच आणखी हळू आवाजात म्हटलं. तिसऱ्या वेळी ती जवळ येऊन वाकली आणि पाणी हवंय का, असं तिच्या जर्मनमध्ये विचारलं.

रूपं घोकून घेण्याचा माझा तास मी आता बंद केला आहे. ते काम फोनवर होतं. तो सगळा वेळ या पेशंटला दिला आहे.