वसतिगृहासाठी जुना लॅपटॉप घ्यावा का?



मागच्या अंकात आपल्या किनवट तालुक्यातील मुलींच्या वसतिगृहासाठी संगणकांची गरज मांडली होती. आपण मनापासून साथ दिलीत आणि १ लाख १० हजार रुपये जमा झाले. त्यानंतर लातूरला एका रविवारी उपासना आटोपल्यावर एका वडीलधाऱ्या काकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "ताई, या पैशांत नवे तीन घेणार की जुने पाच? आणि गरिबांच्या लेकरांना दरवेळी जुनेच का?" प्रश्न रास्त आहे. पैसे आपले आहेत, म्हणून उत्तर सर्वांपुढे मांडते.

आधी माझी चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी मी चार जुने लॅपटॉप घेतले. भाव स्वस्त होता, पण पक्के बिल नव्हते आणि तपासणीही मी नीट केली नाही. सात महिन्यांत दोन बंद पडले. एकात विंडोज पुन्हा टाकले, तर इंटरनेट जोडताच तो कुठल्याशा कंपनीचे लॉगिन मागू लागला. उरलेल्या एकावर एक कोलाम मुलगी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती. शेवटची तारीख होती, वीज गेली आणि मेलेल्या बॅटरीचा लॅपटॉप त्याच क्षणी बंद झाला. वीज रात्री उशिरा आली. अर्ज राहिला. त्या वर्षीची तिची फी संस्थेला भरावी लागली. लॅपटॉपवर वाचवले त्याहून जास्त पैसे असे गेले, आणि आठवडाभर ती मुलगी स्वतःलाच दोष देत राहिली. दोष माझा होता.

म्हणून या वेळी आधी बसून पूर्ण खर्च मांडला.

'रिफर्बिश्ड' म्हणजे काय? मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांना दिलेले लॅपटॉप साधारण तीन-चार वर्षांनी बदलतात. ते एकगठ्ठा विकले जातात. व्यापारी ते उघडतात, साफ करतात, बिघडलेले भाग बदलतात आणि वॉरंटी देऊन पुन्हा विकतात. दिल्लीचे नेहरू प्लेस आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड हे या मालाचे जुने बाजार. नुसता 'सेकंडहँड' म्हणजे कोणीतरी वापरलेला, जसा आहे तसा. दोन्हींत फरक तपासणीचा आणि वॉरंटीचा. 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' ही प्रत मात्र विक्रेता स्वतःच ठरवतो, तेव्हा त्या अक्षरावर विसंबू नये.

फायदा कोणता? कंपनीत वापरले जाणारे डेल लॅटिट्यूड, लेनोव्हो थिंकपॅड, एचपी एलिटबुक हे लॅपटॉप मुळात महाग आणि मजबूत बांध्याचे असतात. त्यांची बिजागरी, कीबोर्ड दणकट असतो. बहुतेकांत रॅम आणि डिस्क बदलता येते, सुटे भागही मिळतात. त्याच पैशांत मिळणारा स्वस्त नवा लॅपटॉप अनेकदा हलक्या प्लॅस्टिकचा असतो.

तोटा कोणता? आयुष्य आधीच खर्च झालेले असते. बॅटरी थकलेली असते. वॉरंटी सहसा सहा महिने ते वर्षभराची, तीही बहुधा दुकानाची. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे त्याआधीचे चांगले दिसणारे लॅपटॉप बाजारात फार स्वस्त झाले आहेत. मोह होतो. त्यांवर उबुंटूसारखी मोफत प्रणाली चालते, त्यात मराठीही आहे. पण आपल्या मुली एमएस-सीआयटी करतात, तिथे विंडोजच शिकवतात. सरकारी नोकरीत अनेक पदांना ते किंवा तत्सम प्रमाणपत्र लागते. म्हणून आपल्यासाठी ते उपयोगाचे नाहीत.

आता आकडे. नांदेड आणि लातूरच्या दुकानांत मी भाव विचारले. अभ्यासाला पुरेल असा नवा लॅपटॉप सुमारे ३६ हजारांना. आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेला रिफर्बिश्ड सुमारे १८ हजारांना, त्यात नवी बॅटरी २,५०० ची, म्हणजे २०,५००. नवा सहा वर्षे चालला तर वर्षाला ६ हजार पडतात. जुना तीन वर्षे चालला तर वर्षाला सुमारे ६,८००. म्हणजे वर्षाच्या हिशोबाने जुना स्वस्त पडत नाही! हे मला कागदावर मांडेपर्यंत कळले नव्हते. जुन्याचा खरा लाभ वेगळा आहे : त्याच रकमेत आज जास्त मुली समोर बसू शकतात. आमच्याकडे अकरावी-बारावीच्या बावीस मुली आहेत. त्यांच्यासाठी आजची जागा मोलाची आहे.

दुकानात काय पाहावे, याची यादी मी वहीत लिहून ठेवली आहे. आपल्या घरीही उपयोगी पडेल.

१. प्रोसेसरचा क्रमांक पाहा. आय-फाईव्ह ८२५० मधला पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी. १०३५ असेल तर दहावी. 'आय-फाईव्ह आहे' एवढ्यावर समाधान मानू नका.

२. विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढायला सांगा. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता असे दोन आकडे येतात. मूळ ५० हजार आणि आज ३० हजार असेल, तर ६० टक्केच उरली. मग नवी बॅटरी किमतीत धरा. भारनियमनाच्या गावात ही बाब पहिली.

३. एसएसडीच हवी. जुनी फिरती हार्ड डिस्क धक्क्याने बिघडते आणि संथ असते.

४. तुमच्यासमोर विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडायला लावा. जुन्या कंपनीचे लॉगिन किंवा पासवर्ड मागितला, तर घेऊ नका.

५. विंडोज परवान्याचे आहे का, ते सेटिंगमध्ये पाहा. चोरीचे सॉफ्टवेअर संस्थेच्या टेबलावर नको.

६. अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवा. पंखा फार ओरडला किंवा तळ भाजू लागला, तर आत धूळ आहे. मराठवाड्याच्या मे महिन्यात असा लॅपटॉप टिकत नाही.

७. जीएसटीचे बिल, त्यावर लॅपटॉपचा सिरीयल क्रमांक, लेखी वॉरंटी आणि चांगला तीन पिनचा अ‍ॅडॅप्टर. दुकान जवळचे असावे. किनवटहून नांदेडला जाऊन यायचे म्हणजे दिवस मोडतो; मुंबईला कुरिअर करणे तर आणखी अवघड.

या सगळ्यावरून आम्ही असे ठरवले. वसतिगृहात सर्वांनी मिळून वापरायचे तीन लॅपटॉप रिफर्बिश्ड घ्यायचे : ६१,५०० रुपये. इथे एक बिघडला तरी दुसरा असतो, आणि आम्ही जवळ असतो. चौथा नवा घ्यायचा, ३६ हजारांचा. तो यंदा नांदेडला अभियांत्रिकीला जाणाऱ्या आपल्या गोंड मुलीसाठी. ती चार वर्षे घरापासून दूर एकटी राहणार आहे. तिसऱ्या वर्षी लॅपटॉप बंद पडला, तर दुरुस्तीला तिच्या वडिलांकडे पैसे नसतील. उरलेले १२,५०० रुपये दुरुस्तीसाठी वेगळे ठेवले आहेत.

काकांना मी हेच सांगितले. मी स्वतः दोन वर्षे रिफर्बिश्ड लॅपटॉप वापरते. हा लेखही त्यावरच लिहिला. जो मी माझ्या कामाला वापरणार नाही, तो मुलींना द्यायचा नाही, एवढा नियम आता पाळते. काका म्हणाले, "मग दुरुस्तीच्या खात्यात माझे हजार लिही."

शेवटी एक विनंती. आपल्या घरी किंवा कार्यालयात न वापरलेला लॅपटॉप असेल, तर पाठवण्याआधी वरची यादी एकदा लावून पाहा. आपले फोटो, कागदपत्रे, पासवर्ड पूर्ण पुसा, अ‍ॅडॅप्टर सोबत द्या. जो चालतच नाही, तो आम्हाला नको, भंगारवाल्यालाही देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रात जायला हवा. उघड्यावर बॅटरी आणि तारा जाळल्या की विषारी धूर त्याच वस्तीतल्या लेकरांच्या छातीत जातो.

चारही लॅपटॉपची बिले वसतिगृहाच्या फाईलमध्ये राहतील. किनवटला कधी आलात, तर जरूर पाहा, आणि मुलींशी दोन शब्द बोलून जा.