उपवासाला पोट भरतं कशानं?

देवळाली प्रवरा असो की राहुरी, एकादशीला धान्य-कडधान्य वर्ज्य झालं की ताटात साबुदाणा येतो आणि थोड्याच वेळात पुन्हा भूक लागते. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. प्रथिनं आणि तंतू नावालाच. खिचडीत पोटाला खरा आधार दाण्याच्या कुटाचा, कारण १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. १९९५ साली सिडनी विद्यापीठाच्या सुझाना होल्ट यांनी ३८ पदार्थ तपासले, तेव्हा पोटभरीत उकडलेला बटाटा पहिला आला, पांढऱ्या पावाच्या तिपटीहून जास्त!

बटाट्यानं साखर वाढते, हा आक्षेप रास्तच. मधुमेहींनी डॉक्टरांना विचारूनच खावा. इतरांनी तो तळण्याऐवजी उकडून दही आणि मूठभर दाण्यांसोबत खावा. भाजलेल्या दाण्यांनी पित्त होत असेल, तर उकडलेल्या शेंगा खाऊन पाहा.