डेकवरचा दस्तूर

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की सुरू होणारी, मृगाची चाहूल लागताच बंद पडणारी, आणि मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघून जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीस पोहोचणारी आगबोट ही सुमारे शंभर वर्षे कोकणच्या माणसाची खरी वाट होती. या वाटेवर कंपन्यांचे नियम होते, तिकिटांचे वर्ग होते, सारंगाचा हुकूम होता; परंतु शेकडो अनोळखी माणसे एक दिवस आणि एक रात्र त्या लोखंडी तक्तपोशीवर सुखाने नांदत, ती उतारूंनी आपापसांत घालून घेतलेल्या अलिखित दस्तुराच्या बळावर. तो दस्तूर कोणत्याच दप्तरात नोंदलेला नाही, म्हणून जेवढा स्मरतो तेवढा येथे मांडतो.

मी डेकवर पहिले पाऊल ठेवले ते 1962 च्या एप्रिलअखेरीस, आजीचा हात धरून. धक्क्यावरची रेटारेटी संपवून वर येताच तिने प्रथम वळकटी सोडली. कारण सतरंजी अंथरली म्हणजे सातबाराच्या उताऱ्यावर नाव चढावे तशी ती जागा त्या कुटुंबाची होई आणि पुढे कोणी तिच्याबद्दल तकरार करीत नसे. मात्र लेकुरवाळी बाई किंवा एखादा आजारी मनुष्य जागेवाचून उभा दिसला की त्याच सतरंज्या कोणी न सांगता वीतभर आखडत, आणि पाहता पाहता एका माणसाची जागा निर्माण होई. दुसऱ्याच्या अंथरुणावरून चपला घालून जाणे हा मोठा अपराध समजला जाई. पहिला प्रश्न नावाचा नसे, ‘तुम्ही खंयचे?’ हा असे. आणि गाव कळले की सोयरीक, निदान ओळखीचा एखादा धागा, घटकाभरात सापडे. डबा उघडणाऱ्याने शेजारच्या मुलाच्या हातावर काहीतरी ठेवल्यावाचून स्वतः घास घेऊ नये, आणि रात्री बायकामुलांनी मध्यभागी व पुरुषांनी कडेला निजावे, हे सारे इतक्या सहजपणे पाळले जाई की हा नियम आहे असे मला पुष्कळ वर्षे वाटलेच नव्हते.

समुद्रावरील व्याधीला मराठीने ‘बोट लागणे’ असे नाव दिले आहे, आणि दृष्ट लागावी तशी ती खरोखरच कोणालाही लागे. कानातील तोल राखणारे इंद्रिय हालचालीची ग्वाही देते, समोरची सतरंजी न्याहाळणारे डोळे सारे स्थिर असल्याचे सांगतात, आणि या दोन साक्षींतील तफावतीने जीव कासावीस होतो, हे शास्त्र डेकवरच्या आज्यांना ठाऊक नव्हते. पण त्यांचा उपाय नेमका त्यावरचाच होता. किनाऱ्यावरच्या डोंगराकडे पाहत राहा, म्हणजे डोळेही हालचाल ओळखतात. बोटीच्या मध्यावर बैस, कारण नाळेकडे आणि वरामाकडे हेलकावा अधिक. यंत्राच्या तेलाचा वास टाळ. पोट रिकामे ठेवू नको आणि तुडुंबही भरू नको. आवळासुपारी आणि लिंबू ज्याच्याजवळ असे तो ते साऱ्या डेकच्या मालकीचे समजे. वारा ज्या अंगाने येतो त्या अंगाच्या कठड्याशी ओकारीसाठी जाऊ नये, हा सल्ला तर नवख्याला सर्वांत आधी मिळे, आणि न ऐकणाऱ्याचे प्रायश्चित्त त्याच्या मागे बसलेल्यांना भोगावे लागे.

दस्तुराची खरी कसोटी मालवणास लागे. तेथे खडकांमुळे आगबोट दूर नांगरत असे आणि उतारूंना पडावात उतरावे लागे. पहाटेच्या अंधारात खाली हेलकावणारा तो पडाव पाहून मी कठडा घट्ट धरला, तेव्हा एका वृद्ध तांडेलाने माझा दंड पकडून सांगितले, ‘लाट वर इली की पाय टाक, खाली जाता तेव्हा नको.’ लाटेच्या माथ्यावर पडाव पावलाशी येतो आणि ती ओसरली की पुरुषभर खोल जातो, एवढेच त्याचे सांगणे होते. पण त्या क्षणी ते ऐकणे आणि मागून न ढकलणे यावर माणसाचा जीव अवलंबून असे. मुले हातोहात खाली दिली जात, नऊवारी नेसलेल्या म्हाताऱ्यांना दोघे जण तोलत, आणि ट्रंका सर्वांत शेवटी उतरत.

या शिस्तीमागे भय होते आणि ते निराधार नव्हते. 11 नोव्हेंबर 1927 रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन्ही बोटी एकाच दिवशी बुडाल्या. 17 जुलै 1947 रोजी, गटारी अमावास्येला, रेवसकडे निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ पावसावाऱ्यात सापडून कलली, घाबरलेला जमाव एका बाजूस लोटला, आणि ती पुन्हा सावरली नाही. सहाशेंहून अधिक माणसे गेली. आमच्या आजीने तेव्हापासून एकच नियम धरला होता: बोट कलली तरी जागा सोडायची नाही. मी लहानपणी तो हट्ट समजत असे. सहप्रवाशाचे प्राण आपल्या स्थिर बसण्यावर अवलंबून असतात, हे मला पुढे उमगले.

एस. टी. वाडीवाडीपर्यंत पोहोचली, रात्रीच्या गाड्या सुटू लागल्या, आणि 1998 मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला होण्यापूर्वीच ती उतारू बोट इतिहासजमा झाली होती. ऑक्टोबर 2018 मध्ये ‘आंग्रिया’ ही पर्यटकांची बोट मुंबईहून गोव्यास निघाली. तिच्यावर खोल्या होत्या, पोहण्याचा हौद होता. प्रवास सुखाचा व्हावा यात गैर काहीच नाही. पण बंद खोलीच्या प्रवासात शेजाऱ्याचे गाव विचारण्याचा प्रसंग येत नाही, आणि डेकवरचे ते शिक्षण मला त्या साऱ्या सोयींहून मोलाचे वाटते.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला आणि गेटवेवरून मांडव्याला लाँचा आजही जातात. कुरव पक्षी लाँचेमागे येऊ लागले की त्यांना खाऊ घालण्यासाठी सारे उतारू एका कठड्याशी गोळा होतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: जागेवर बसा, शेजारच्या मुलालाही बसवा, आणि तांडेल सांगेल ते पहिल्या हाकेला ऐका.