सांधेदार पट्टीचं दशक

जून २०२४ मध्ये ॲटॉमिक मास गेम्सने 'एक्स-विंग' आणि 'आर्माडा' या दोन्ही 'स्टार वॉर्स' टेबल-खेळांचं पुढचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. हळहळ झाली ती रंगवलेल्या यानांसाठी. व्हायला हवी होती आर्माडाच्या खोक्यातल्या सांधेदार पट्टीसाठी.

टेबलावर आरमार लढवण्याचा नाद जुना. फ्रेड जेनचा खेळ १८९८चा. पुढची बरीच वर्षं टेप आणि कोनमापकातच गेली. १९९९च्या 'बॅटलफ्लीट गॉथिक'मध्ये क्रूझरला १० सेंटीमीटर गेल्यावरच ४५ अंश वळता येई, बॅटलशिपला १५ सेंटीमीटर गेल्यावर. हिशेब रास्त होता. पण जहाज शेवटी बोटाने जागीच फिरवायचं, आणि दोन-चार अंशांवरून संध्याकाळ भांडणात जायची.

२०१२ मध्ये एक्स-विंगने हे भांडण मिटवलं. पुठ्ठ्याच्या ११ पट्ट्या: पाच सरळ, तीन ४५ अंशांच्या, तीन ९० अंशांच्या. चाल चकतीवर गुपचूप लावायची, ती उघडली की पट्टी तळाच्या पुढच्या खाचेत टेकवायची आणि यान उचलून दुसऱ्या टोकाला ठेवायचं. छोट्या यानाचा तळ ४० मिलिमीटर, सर्वांत आखूड सरळ पट्टीही तेवढीच. म्हणजे सर्वांत आखूड सरळ चालीतही यान ८० मिलिमीटर पुढे जातंच. लढाऊ विमानाची घाई त्या पुठ्ठ्यातच होती.

मोठ्या जहाजाचा जडपणा मात्र हाताला जाणवला तो २०१५च्या आर्माडात. प्लास्टिकची एकच पट्टी, तिला सांधे, आणि सांधा वळवला की बोटांना लागणारा खटका. कोणत्या वेगाला कोणता सांधा किती खटके वळेल, हे जहाजाच्या कार्डावर छापलेलं. उभी रेघ म्हणजे एक खटका. आडवी रेघ असेल तर तो सांधा सरळच ठेवायचा. छोटं कॉर्व्हेट वेग चारपर्यंत पळतं, इम्पीरियल श्रेणीचा स्टार डिस्ट्रॉयर तीनवर अडतो. शिवाय त्याच्या हुकमांच्या तीन चकत्या एकावर एक रचलेल्या. या फेरीत उघडणारा हुकूम दोन फेऱ्यांपूर्वी दिलेला. सहा फेऱ्यांच्या डावात हुकमाने मिळणारा एक जादा खटका हवा असेल, तर तो इतक्या आधी मागून ठेवावा लागे. सुकाणू फिरवल्यावर जहाज वळायला लागणारा वेळ यापेक्षा नेमका कुठल्याही खेळाने टेबलावर आणलेला नाही.

या खेळाला 'संथ' म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते. संथपणा हाच त्याचा प्राण होता. २०२० मध्ये दोन्ही खेळ मूळ प्रकाशक फँटसी फ्लाइटकडून ॲटॉमिक मासकडे गेले. २०२२ मध्ये एक्स-विंगमध्ये उद्दिष्टांचे डाव आले, आणि चालीतली चुरस ठरावीक जागा अडवण्यात विरून गेली. आर्माडाच्या वाट्याला तर नवं फारसं आलंच नाही.

ज्यांच्या कपाटात ती पट्टी असेल, त्यांनी ती नीट जपावी. सांधे सैल पडले की खटका लागत नाही, आणि आता नवी पट्टी दुकानात मिळेलच याचा भरवसा नाही.