बातमी कोणाला विचारते?

५ जानेवारी २०२० रोजी जगभरच्या ज्यू अभ्यासकांनी तालमूद या आपल्या धर्मग्रंथाचे पहिले पान पुन्हा एकदा उघडले. रोज एक पान, एकूण २७११ पाने, सुमारे साडेसात वर्षे आणि सगळीकडे एकाच दिवशी एकच पान. ‘दाफ योमी’ नावाची ही प्रथा रब्बी मेईर शापिरो यांनी १९२३ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत सुचवली. तिची चौदावी फेरी त्या दिवशी सुरू झाली आणि ती जून २०२७ मध्ये पुरी होईल. फेरीला तीन महिने व्हायच्या आतच टाळेबंदी आली, सिनेगॉगची दारे बंद झाली आणि पाठ झूमवर गेले. रब्बी आदिन स्टाइनसाल्त्स यांच्या भाष्याधारित इंग्रजी भाषांतरासह तालमूद ‘सेफारिया’ या संकेतस्थळावर २०१७ पासूनच मोफत वाचायला मिळू लागला होता. पूर्वी जे शिकायला गुरूच्या दारी जावे लागे, ते आता साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या माणसालाही घरबसल्या उघडता येऊ लागले. नंतरच्या वर्षांत महामारी, युक्रेनचे युद्ध आणि ७ ऑक्टोबर २०२३ नंतरचे इस्राएल-गाझा अशा बातम्या एकामागून एक येत राहिल्या, आणि रोजचे पान त्या बातम्यांच्या शेजारी बसून वाचले गेले. या वर्षांचा मागोवा घेताना या परंपरेची एक शिकवण ठळकपणे पुढे येते. बातमी ऐकणाऱ्याला प्रश्न विचारते. ज्याच्यावर संकट कोसळले त्याच्याबद्दल निकाल देण्याचा अधिकार ती ऐकणाऱ्याला देत नाही.

याचा पहिला पुरावा ‘तानीत’ या खंडात आहे. तानीत म्हणजे उपवास. हा खंड सुरू होतो पावसापासून: पावसाची प्रार्थना कधी सुरू करायची, पाऊस लांबला तर पहिला उपवास कोणी धरायचा, तरीही आला नाही तर सगळ्या गावाने काय करायचे. माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांतल्या वाचकाला यातली काळजी कोणी समजावून सांगायला नको. पुढे हा खंड दुष्काळावरून इतर संकटांकडे वळतो आणि तिथे बातमी ऐकण्याची रीतच घालून देतो. एखाद्या गावात साथ आली तर त्या गावाने उपवास करावा आणि शिंग फुंकून हाक द्यावी. शेजारच्या गावांनी उपवास करावा, शिंग फुंकू नये. रब्बी अकिवांचे मत नेमके उलटे आहे. शेजाऱ्यांनी शिंग फुंकावे, उपवासाची सक्ती त्यांच्यावर नाही. दोघांचे एकमत आहे ते एका गोष्टीवर, की शेजारच्या गावाला ही बातमी नुसती ऐकून सोडून देता येत नाही. साथ कशाला म्हणावे याचे मापही तिथे दिले आहे: पाचशे पायदळ उभे करू शकणाऱ्या गावात तीन दिवसांत तीन मृत्यू. फेरीत हे पान आले डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दिवशी. जागतिक आरोग्य संघटनेने ओमिक्रॉनचे नाव जाहीर करून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. रोजच्या आकड्यांना जग सरावले असताना, तीन माणसे गेली की सगळ्या गावाने थांबावे, असे सांगणारे पान लोकांसमोर होते.

त्याच प्रकरणात एक लहानशी नोंद आहे. जेरुसलेमच्या वडीलधाऱ्यांनी एकदा उपवास जाहीर केला, कारण यार्देन नदीपलीकडे लांडग्यांनी दोन मुलांना खाल्ले होते. एका मताप्रमाणे तर लांडगे नुसते दिसले, एवढ्यावरून. संकट नदीपलीकडचे, मुले दोनच, तरी राजधानीत दखल घेतली गेली. मात्र दखल घेणे म्हणजे नुसते हळहळणेही नाही. उपवासाच्या दिवशी गावाच्या चौकात ज्येष्ठ माणूस लोकांना बजावत असे की बायबलमधल्या निनवे शहराच्या कथेत देवाने लोकांचे तरट नेसणे आणि उपाशी राहणे पाहिले असे म्हटलेले नाही. त्याने त्यांची कृती आणि वाईट मार्गावरून त्यांचे परतणे पाहिले, असे म्हटले आहे. बाराव्या शतकात ज्यू विचारवंत मायमोनिडीजने हाच धागा कायद्यात बांधला. संकट आले असता ‘हे जगरहाटीने झाले, योगायोग आहे’ असे म्हणून पुढे जाणे हा त्याच्या दृष्टीने निर्दयपणा होता, कारण असे म्हणणारा माणूस स्वतःत काहीच बदलत नाही. संकटाचे भौतिक कारण शोधू नये, असा याचा अर्थ नाही. मायमोनिडीज स्वतः वैद्य होता. कारण सापडले म्हणजे आपली जबाबदारी संपली, एवढेच त्याला मान्य नव्हते.

इथे पहिला गंभीर आक्षेप उभा राहतो. संकटात स्वतःची वागणूक तपासा, असे सांगणारी परंपरा उद्या संकटग्रस्तालाच म्हणेल की तुझ्या पापाचे हे फळ आहे. ही भीती खरी आहे. नाझी संहाराची कारणे ज्यूंच्याच दोषांत शोधणारे रब्बी होऊन गेले, आणि त्यांच्या लेखनाने वाचलेल्यांच्या जखमेवर मीठ चोळले. पण परंपरेच्या गाभ्यात याला स्पष्ट मनाई आहे. ‘बावा मेत्सिया’ या खंडात शब्दांनी दुखावण्याच्या गुन्ह्याची चर्चा आहे. जो आजारी आहे किंवा ज्याने मुले गमावली आहेत त्याच्याशी बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांसारखे बोलू नये, म्हणजे ‘निष्पाप माणसावर असे कधी येते का?’ असे त्याला विचारू नये, हे त्यात नाव घेऊन सांगितले आहे. फेरीत हे पान एप्रिल २०२४ मध्ये आले. ७ ऑक्टोबरला इस्राएलमध्ये सुमारे १२०० माणसे मारली गेली होती, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली होती, आणि गाझातल्या मृतांचा आकडा तिथल्या आरोग्य खात्याच्या मोजणीत ३४,००० च्या पुढे गेला होता. जगभर दोन्ही बाजूंच्या मृतांना दोषी ठरवणारी वाक्ये सहज फेकली जात होती. त्या महिन्यात हे पान प्रामाणिकपणे वाचणाऱ्याला, तो कोणत्याही बाजूचा असो, तसे बोलणे अवघड जायला हवे होते. आत्मपरीक्षणाची आज्ञा प्रथमपुरुषी आहे. ‘मी काय करतो आहे?’ एवढेच तिच्या कक्षेत बसते. ‘त्याने काय केले असेल?’ हा प्रश्न तिच्या नावाने विचारता येत नाही.

ही सीमारेषा आपल्याकडेही ओलांडली गेली आहे, आणि तीही अतिशय मोठ्या माणसाकडून. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर विरोध केला. गांधीजींच्या बाजूने एवढे म्हणता येईल की पाप ‘आपले’ आहे असे ते म्हणत होते आणि त्यात स्वतःला धरत होते. पण ढिगाऱ्याखाली जे गेले त्यांत अस्पृश्य गणले गेलेलेही होते. ‘आपण’ हा शब्द इतका मोठा केला की ज्याचे घर पडले तोही त्यात ओढला जातो. चार वर्षांनी हाच पेच आणखी दुःखद रूपात समोर आला. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ ला जर्मनीत सिनेगॉग जाळली गेली, दुकाने फोडली गेली, हजारो ज्यू छळछावण्यांत टाकले गेले. २६ नोव्हेंबरच्या ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी जर्मन ज्यूंना सत्याग्रहाचा मार्ग सुचवला. त्यांची सहानुभूती निःसंशय होती. जर्मनी सोडून त्याच वर्षी जेरुसलेमला पोहोचलेले तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांना दीर्घ पत्र लिहिले. गांधीजींविषयीचा आदर न सोडता त्यांनी दाखवून दिले की दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची स्थिती आणि छळछावणीतल्या ज्यूची स्थिती एक नाही. जिथे साक्षच कोणाला दिसत नाही, ऐकू जात नाही, तिथे हौतात्म्याचा उपदेश कोणाला करायचा? बूबरांच्या आक्षेपाचे मूळ मला ‘बावा मेत्सिया’तल्या त्या मनाईतच दिसते. दुरून बातमी ऐकणाऱ्याने दुसऱ्याच्या मरणाला अर्थ नेमून देऊ नये.

मग दुरून बातमी ऐकणाऱ्याने करायचे तरी काय? याचे एक उत्तर त्याच महिन्यांत साताऱ्याच्या मुलखात घडत होते. नोव्हेंबर १९३८ मध्ये औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवण्याचे जाहीर केले, आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची नवी राज्यघटना अमलात आली. गावपंचायतीला पाया मानणाऱ्या या घटनेमागे गांधीजींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पा पंत यांचा उत्साह होता, आणि मॉरिस फ्रीडमन या वॉर्साच्या ज्यू कुटुंबात जन्मलेल्या अभियंत्याची कष्टाळू बुद्धी होती. म्हैसूर संस्थानात नोकरीसाठी आलेला हा माणूस भारतानंद या नावाने भगव्या कपड्यांत औंधच्या खेडोपाडी हिंडत होता. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. संस्थानाचे आटपाडी आणि कुंडल हे भाग सांगली जिल्ह्यात. आटपाडीच्या कोरड्या माळावर फ्रीडमनच्या कल्पनेतून स्वतंत्रपूर उभे राहिले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे कुटुंबासह, बेड्या आणि भिंतींशिवाय शेती करू लागले. युरोप काटेरी तारांमागे निरपराध माणसे कोंडत असताना, त्या युरोपातून आलेला एक ज्यू इथे अपराध्यांवर विश्वास टाकत होता. या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. १९५८ मध्ये त्या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले ते बर्लिनच्या महोत्सवात. वीस वर्षांपूर्वी ज्या शहरातून द्वेषाचे हुकूम निघाले होते, त्या शहरात आटपाडीच्या माळाची गोष्ट पोहोचली.

यावर दोन आक्षेप घेता येतील. एक असा की फ्रीडमनची दृष्टी ज्यू म्हणावी कशी? त्याने थिऑसफी पाहिली, रमण महर्षींचा सहवास घेतला, आणि पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत आणून १९७३ चा ‘आय अ‍ॅम दॅट’ हा ग्रंथ सिद्ध केला. हे खरे आहे, आणि त्याच्या अंतःकरणात कोणता धर्म होता हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. मी त्याला तालमूदचा प्रतिनिधी म्हणून आणलेलेही नाही. तालमूद ऐकणाऱ्याकडून जे मागतो ते प्रत्यक्षात कसे दिसते, याचा आपल्या मातीतला नमुना म्हणून तो इथे आहे. दुसरा आक्षेप अधिक कडू आहे. १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले, घटना इतिहासजमा झाली, आणि स्वतंत्रपूरने वॉर्साचा एकही ज्यू वाचवला नाही. युद्धापूर्वी त्या शहरात सुमारे साडेतीन लाख ज्यू होते. या आक्षेपाला समाधानकारक उत्तर नाही, आणि देऊही नये. शेजारच्या गावाने उपवास केला म्हणून साथ थांबते, असा दावा तानीतही करत नाही. दुरून थांबवता येईल ते थांबवलेच पाहिजे. आश्रय देता येईल तिथे दार उघडलेच पाहिजे. पण जे हातात नाही त्याच्या नावाने, हातात असलेले टाळण्याची मुभा मिळत नाही. आटपाडीचा कैदी फ्रीडमनच्या हातात होता.

राहिला आक्षेप शिकण्याच्या साधनाचा. ज्या पडद्यावर बातमी येते त्याच पडद्यावर पान उघडायचे, मग बातमीची घाई पानालाही लागणार नाही का? तालमूद जोडीने, वाद घालत शिकायची चीज आहे. त्या जोडीला ‘हाव्रूता’ म्हणतात. एकट्याने अ‍ॅपवर वाचणारा आपल्या मताला सोयीचे वाक्य उचलून पुढे सरकतो, ही उणीव नाकारता येत नाही. पानात बातमीचे संकेत शोधायचा मोहही मोठा. मी वर दाखवलेले डिसेंबर २०२१ आणि एप्रिल २०२४ चे जुळणे हा योगायोगच आहे, त्यात भाकीत नाही. पण या प्रथेचे बळ त्यातच आहे. पान आधीच ठरलेले असते, वाचणाऱ्याने निवडलेले नसते. आपल्या आवडीचेच पुढे सरकवणाऱ्या मोबाईलवर हे एक पान असे आहे की जे वाचकाला विचारून येत नाही. आणि दुरून शिकणे मराठी मुलखाला नवे नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने प्रार्थना आणि विधी कोचीच्या ज्यू शिक्षकांकडून शिकून घेतले. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडण सणाची हग्गादा ही पोथी मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, आणि पुढे या समाजाने बायबलच्या कथा चक्क कीर्तनात उभ्या केल्या. आलेली विद्या आपल्या भाषेत, माणसांच्या मेळाव्यात उतरवली म्हणून ती टिकली. पडद्यावरच्या विद्येलाही हीच कसोटी लागेल.

सातारा-सांगलीला या शिकवणीचा अर्थ दुसऱ्या बाजूनेही ठाऊक आहे, कारण हा मुलूख स्वतःही बातमी झाला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले तेव्हा झाला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सांगलीत शिरली, ब्रह्मनाळजवळ बोट उलटून माणसे बुडाली, तेव्हाही झाला. त्याच वर्षी माण तालुक्यात म्हसवडला दुष्काळामुळे चारा छावणी चालू होती. त्या दिवसांत कोणी दुरून म्हटले असते की तुमच्या पापामुळे पाणी आले, तर ते ऐकून घेतले गेले नसते. राज्यभरातून जे भाकऱ्या, कपडे, औषधे घेऊन आले, त्यांनी कोणाला काही अर्थ सांगितला नाही. त्यांनी ती बातमी स्वतःला उद्देशून आहे असे मानले. गाझाची, कीव्हची किंवा जेरुसलेमची बातमी वाचताना आपल्याला तेवढेच करायचे आहे. नदी आपल्या दारात असताना दुसऱ्यांनी ज्या रीतीने आपल्याकडे पाहावे असे वाटले, त्याच रीतीने यार्देनपलीकडच्या दोन मुलांकडे पाहायचे, आणि मग आपल्या आटपाडीत काय करता येईल याला लागायचे.