गड आपल्या दारी, पण दोर कुणाच्या हाती?

आषाढ लागला की अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात भाताच्या आवणीची धांदल असते. दिवसभर चिखलात वाकून कंबर मोडलेली माणसे रात्री लवकर अंथरुणाला पाठ लावतात. आणि नेमक्या शनिवारी रात्री गाड्यांचे दिवे गावात शिरतात. पुण्या-मुंबईची, नाशिकची पोरंपोरी पाठीवर सॅक अडकवून उतरतात आणि बॅटरीच्या उजेडात डोंगराची वाट धरतात. पाचनई, बारी, साम्रद या आपल्या गावांना आणि डोंगरापलीकडच्या जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरला हे आता नवे राहिलेले नाही. तुमचे गाव एखाद्या गडाच्या पायथ्याशी असेल तर तुम्हीही हे पाहिलेच असेल.

या पाहुण्यांमुळे गावात चार पैसे येतात, हे खरे आहे. कुणी जेवण देतो, कुणी पडवीत झोपायला जागा देतो, कुणी वाटाड्या म्हणून पुढे चालतो. ज्या भागात भाताचे एक पीक निघाले की माणसे कामासाठी नारायणगावकडे, संगमनेरकडे जातात, तिथे या पैशाला मोल आहे.

पण एक गोष्ट आपण आपल्या मनाला विचारायला हवी. यातला कुणी धुक्यात हरवला, दरीत घसरला, तर त्याला आणायला पहिल्यांदा जातो कोण? आपल्याच गावातला पोरगा जातो. पोलीस येईपर्यंत, शहरातले बचाव पथक पोहोचेपर्यंत काही तास लोटतात. तोवर हा पोरगा इरले पांघरून, पायात साधी चप्पल घालून कड्याच्या टोकाला पोहोचलेला असतो. त्याच्या कमरेला दोर असतो का? त्याचा विमा असतो का? त्याला काही झाले तर त्याच्या घरच्यांचे काय?

जुनी ओळख, नवी गर्दी

डोंगर चढायचा छंद महाराष्ट्रात काल-परवाचा नाही. तेनसिंग आणि हिलरी १९५३ साली एव्हरेस्टवर पोहोचले. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, मुंबईत 'गिरिविहार' ही गिर्यारोहकांची संस्था निघाली. गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकाने गडांवर फिरून, लिहून अनेकांना गडांची गोडी लावली. त्या काळचा भटक्या एसटीने यायचा, गावातल्या देवळात झोपायचा, कुणाच्या तरी चुलीवरची पिठलं-भाकरी खायचा आणि वाट विचारत गडावर जायचा. गावाशी त्याचे नाते जडायचे. पुढच्या वर्षी तो पुन्हा त्याच घरी उतरायचा.

याच सह्याद्रीत हात-पाय घासून तयार झालेली माणसे पुढे हिमालयात गेली. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. २०१२ मध्ये पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेच्या आठ जणांनी एकाच मोहिमेत ते शिखर गाठले. आपल्या डोंगराने घडवलेली ही माणसे आहेत, याचा अभिमान आपल्यालाही वाटायला हवा.

गेल्या काही वर्षांत मात्र चित्र पालटले आहे. मोबाईलवर फोटो पाहून माणसे निघतात. बस भरून आणणारे आयोजक झाले आहेत. सुट्टीच्या दिवशी हरिहर गडाच्या कातळातल्या पायऱ्यांवर वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकून पडतात. कळसूबाईच्या शिड्यांवरही रांग लागते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यातले ११ आपल्या महाराष्ट्रात आहेत. तेव्हा ही गर्दी पुढे वाढतच जाईल, हे धरून चाला.

डोंगर कुणाची ओळख ठेवत नाही

कळसूबाई १६४६ मीटर उंच, राज्यातले सर्वांत उंच शिखर. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर. आकडा ऐकून हिमालयाच्या मानाने किरकोळ वाटेल. पण पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर धुके उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. तोलार खिंडीतून वर आल्यावर पठारावर वाटा फुटतात, ओढे आडवे येतात, सगळीकडे सारखेच गवत. तुम्हाला गुरांमागे फिरून पायाखालची झालेली वाट परक्याला कशी कळणार?

२०२३ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला असेच झाले. पुण्याकडून आलेला तरुणांचा एक गट या गडावर धुक्यात वाट चुकला. पाऊस, वारा आणि अंगावर ओले कपडे. त्यातला एक जण गारठून मरण पावला. बाकीच्यांना वनखात्याची माणसे आणि गावकरी यांनी सुखरूप खाली आणले.

बरे, चूक केवळ नवख्याचीच होते असेही नाही. अरुण सावंत हे सह्याद्रीतल्या अवघड वाटा शोधणारे जाणते गिर्यारोहक. जानेवारी २०२० मध्ये याच गडाच्या कोकणकड्यावर ते दरीत कोसळून गेले. एवढा अनुभव गाठीला असूनही डोंगराने त्यांना सोडले नाही. मग धबधब्याच्या काठावर मोबाईल धरून उभ्या राहणाऱ्याला कसा सोडेल? जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्याजवळ चित्रीकरण करताना एक तरुणी दरीत पडून गेली. त्याच्या थोडे आधी, ३० जूनला, लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले.

अशी प्रत्येक बातमी आपण वाचतो आणि हळहळतो. पण त्या बातमीत शेवटी 'स्थानिकांच्या मदतीने' असे दोन शब्द असतात. ते स्थानिक म्हणजे तुम्ही-आम्ही.

पैशाचा हिशेब मांडून बघा

समजा, ४० जणांची एक बस आली. आयोजकाने माणशी १,२०० रुपये घेतले तर ४८,००० रुपये जमले. गावात दोन वेळच्या खाण्याचे माणशी २५० धरले तरी १०,००० होतात. वाटाड्याला हजार रुपये दिले, तर गावात आले ११,०००. उरलेल्यात आयोजकाला बसभाडे आहे, त्याची माणसे आहेत, हे कबूल. पण जीव धोक्यात घालायची वेळ येते तेव्हा वाटा कुणाचा मोठा असतो, तेही पाहायला नको का? त्यातही अनेक गट वाटाड्या घेतच नाहीत. मोबाईलमध्ये नकाशा आहे म्हणतात. बॅटरी उतरली की मग गावाच्या नावाने हाका सुरू होतात.

दोष आपलाही आहे. एका घराने जेवण २०० ला दिले की शेजारचा १५० ला देतो. आयोजक दोघांना झुंजवतो आणि भाव पाडतो. काही ठिकाणी उलटे होते. गाडी लावण्यावरून पाहुण्यांशी हमरीतुमरी होते आणि गावाचे नाव खराब होते. दर एकदा ग्रामसभेत ठरला तर दोन्ही गोष्टी टळतील.

ग्रामसभेत काय ठरवता येईल?

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी म्हणजे आपले ग्रामसेवक आणि वन समितीचे सदस्य यांनी एकत्र बसावे. फार खर्चाची कामे नाहीत. पुढील गोष्टींचा विचार व्हावा.

१) नोंदवही. गडाच्या वाटेवरच्या पहिल्या घरात किंवा नाक्यावर एक वही ठेवा. गटात किती जण, प्रमुखाचे नाव, फोन, कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता परतणार, एवढे लिहून घ्या. संध्याकाळी वही पाहिली की कोण उतरले नाही हे लगेच कळते. शोध दुसऱ्या दिवशी सुरू होण्याऐवजी त्याच संध्याकाळी सुरू होतो.

२) वाटाड्यांची यादी. वाट माहीत असलेल्या तरुणांची आणि महिलांचीही नावे लिहा. किती माणसांमागे एक वाटाड्या आणि दर काय, ते ठरवून फलकावर लावा. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आहे. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. बस आली की आयोजकाकडे नोंदणीचा कागद मागा. मागायला संकोच कशाचा?

३) पावसाळ्यात 'नाही' म्हणणे. साम्रदच्या सांदण दरीत पावसाळ्यात पाणी घुसते, तेव्हा तिथे कुणी उतरूच नये. हे गावाइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक? जिल्हाधिकारी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली धोक्याच्या ठिकाणी बंदीचे आदेश काढतात. आदेश आला की तो फलकावर लावा. अशा दिवशी चार पैशांसाठी कुणीही वाटाड्या म्हणून जाऊ नये, असा नियम गावानेच करावा.

४) साहित्य आणि शिक्षण. एक स्ट्रेचर, चांगला दोर, शिरस्त्राणे, बॅटऱ्या, घोंगड्या आणि प्रथमोपचाराची पेटी पंचायतीत हवी. केवळ दोर आणून भागत नाही, तो वापरायला शिकावे लागते. शेतीचा दोर वजन उचलण्यासाठी असतो, त्यावर माणूस लटकवू नये. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत 'आपदा मित्र' प्रशिक्षण दिले जाते. गावातली दोन-चार नावे त्यासाठी द्या. गिर्यारोहक संस्थांनी २०१६ मध्ये राज्यपातळीवर बचाव समन्वय केंद्र उभे केले आहे. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारखी अनुभवी पथके आहेत. त्यांना गावात बोलावून एक दिवसाचा सराव घेता येईल.

५) विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरून अपघाती मृत्यूला २ लाखांचे संरक्षण मिळते. १८ ते ७० वर्षे वयाच्या आणि बँकेत खाते असलेल्या कुणालाही घेता येतो. शेतकरी कुटुंबासाठी राज्याची गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना वेगळी आहे. यादीतल्या प्रत्येक वाटाड्याचा विमा आहे की नाही, हे पंचायतीने तपासावे. २० रुपये म्हणजे एका चहा-बिस्किटाचे पैसे. त्यापायी घर उघड्यावर पडू नये.

६) शेत आणि कचरा. गाड्या खाचरात, बांधावर लागतात आणि बांध फुटतो. गाडीतळाची जागा एकच ठरवा. फी घ्यायची तर रीतसर ठराव करून, गटविकास अधिकाऱ्यांचा सल्ला घेऊन आणि पावती देऊनच घ्या. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे, तेव्हा त्याच्या हद्दीतली फी आणि नियम वनखात्याशी बोलूनच ठरतील. पण आपली गावे अनुसूचित क्षेत्रातली आहेत. पेसा कायद्याने ग्रामसभेच्या शब्दाला वजन दिले आहे, ते वापरा. प्लास्टिक वर नेले तितके खाली आणलेच पाहिजे, असा नियम नोंदवहीच्या वेळीच सांगा. वरच्या टाक्यांतले पाणी घाण झाले तर पिणाऱ्यांचे हाल होतात आणि पिशवी गाईच्या पोटात गेली तर नुकसान आपले.

माणूस सापडल्यावर

हरवलेला माणूस गारठलेला सापडला तर त्याला आधी आडोशाला घ्या. ओले कपडे काढून कोरड्या घोंगडीत गुंडाळा, डोकेही झाका. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम, गोड चहा घोटघोट द्या. हातपाय चोळू नका, एकदम शेकोटीला टेकवू नका आणि दारू तर मुळीच देऊ नका. उंचावरून पडलेल्याची मान, पाठ हलवू नका. पाठुंगळी मारून पळत आणण्याचा मोह होतो, पण त्याने कायमचे अपंगत्व येऊ शकते. स्ट्रेचर येईपर्यंत थांबा. ११२ आणि १०८ हे क्रमांक लगेच फिरवा. फोन लागत नसेल तर रेंज असलेली जागा कुठे आहे, ते गावातल्या प्रत्येकाला आधीच माहीत असावे.

एक शेवटची गोष्ट. हे सगळे शहराच्या पोरांसाठीच का करायचे, असे कुणी विचारील. त्याला इर्शाळवाडीची आठवण द्या. खालापूर तालुक्यातली ही आदिवासी वाडी इर्शाळगडाच्या वाटेवर होती. तिथले लोक गडावर येणाऱ्यांना पाणी, जेवण द्यायचे. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली आला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता. चिखलातून चढून मदतीला धावणाऱ्यांत त्या भागातल्या गिर्यारोहकांची पथकेही होती, कारण ती वाट त्यांच्या पायाखालची होती.

म्हणजे संकट दोन्ही बाजूंनी येते आणि मदतही दोन्ही बाजूंनी लागते. आज जे साहित्य तुम्ही पाहुण्यासाठी आणाल, ते उद्या आपल्याच माणसासाठी लागू शकते. गारगोट्यांनी भरलेल्या नाल्यात गुराखी पडतो, मध काढणारा कड्यावर अडकतो, तेव्हाही तोच दोर आणि तेच स्ट्रेचर उपयोगी येणार आहे.

१५ ऑगस्टला गावोगाव ग्रामसभा असते. त्या दिवशी विषयपत्रिकेत हा एक विषय घाला. निदान नोंदवही आणि विम्याचा ठराव तरी त्याच दिवशी करून घ्या.