तांब्याची तार आणि शेवटचा टप्पा

एक्स्चेंजपासून ग्राहकाच्या घरापर्यंतची तार हा दूरध्वनी व्यवस्थेतील सर्वांत खर्चिक टप्पा आहे, हे चेन्नईने फार पूर्वी ओळखले. १९९०च्या दशकात आयआयटी मद्रासमध्ये प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या टेनेट गटाने ‘कॉरडेक्ट’ ही बिनतारी प्रणाली घडवली, ती याच जाणिवेतून.

आधीच पुरलेल्या तारांचे काय? त्या बोलण्यासाठी घातल्या होत्या. बोलण्याला सुमारे ३,४०० हर्ट्झपर्यंतची कंप्रता पुरते. एडीएसएल त्याच तारेवर सुमारे ११ लाख हर्ट्झपर्यंत जाते. कंप्रता जितकी उच्च, तितका संकेत लवकर क्षीण होतो. शिवाय एकाच केबलमधील शेकडो जोड्यांपैकी एकीचा संकेत दुसरीत झिरपतो. म्हणून एक्स्चेंजजवळच्या ग्राहकाला २० मेगाबिटचा वेग देणारी यंत्रणा पाच किलोमीटरवर जेमतेम एक-दोन मेगाबिट देते. जुन्या महाबलीपुरम रस्त्याने दक्षिणेकडे पसरलेल्या चेन्नईसारख्या शहरात हे अंतर नगण्य नाही.

२००४च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिटची व्याख्या केली आणि २०१० पर्यंत २ कोटी ग्राहकांचे लक्ष्य ठेवले. सरकारी कंपन्यांच्या तारा प्रतिस्पर्ध्यांना खुल्या कराव्यात, अशी ‘ट्राय’ची शिफारस होती. सरकारने ती बंधनकारक न करता परस्पर करारावर सोडली. २०१० अखेर ग्राहक होते सुमारे १ कोटी १० लाख.

दोष भौतिकशास्त्राचा होता का? माझ्या मते, अंशतःच. तार आखूड करता येते: चौकातल्या पेटीपर्यंत फायबर आणावे, तांबे केवळ शेवटच्या काहीशे मीटरपुरते ठेवावे. पण स्पर्धकच नसेल, तर हा खर्च कोण करील? दुसरी बाजूही मी मान्य करतो. संकेतांची सरमिसळ निस्तरणारे ‘व्हेक्टरिंग’ तंत्र केबलमधील सर्व जोड्या एकाच नियंत्रणात असल्या, तरच नीट चालते. मात्र त्याचे आंतरराष्ट्रीय मानक २०१० मध्ये आले; तोवर तारा खुल्या करण्याची संधी निसटली होती.

आता घरोघरी फायबर येत आहे. या टप्प्यात अंतराची सबब उरत नाही. मालकीचा प्रश्न उरतो. जमिनीखालील नलिका आणि रस्त्यावरचे खांब सर्व कंपन्यांना समान अटींवर मिळावेत आणि ‘अमुक मेगाबिटपर्यंत’ या जाहिरातीऐवजी ग्राहकाच्या दारात मोजलेला वेग जाहीर व्हावा. तारेच्या मर्यादा निसर्गाने ठरवल्या. शेवटच्या टप्प्यावर कोणाची मक्तेदारी असावी, हे मात्र आपणच ठरवतो.